ज्योत वाढवा

माझा आवाज लहानपणापासून मऊ आहे. कार्यालयात मला शांत माणूस समजतात आणि मीही स्वतःला बरीच वर्षे तसाच समजत आलो. ही समजूत खोटी ठरली ती एका फ्रिजमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या मला आज कुणाचा संताप येत असेल तर तो त्या दुपारच्या माझ्या स्वतःचा. दोन उन्हाळे गेले, तो निवलेला नाही.

मी गुरांच्या लसीकरणाचे काम करतो. मुकुटबनच्या पुढे, जिथे दुपारी वीज असेलच असे सांगता येत नाही, तिथे आमची गाडी जात असे. म्हणून गाडीतला फ्रिज सिलिंडरच्या गॅसवर चालणारा होता. त्याच्या मागच्या बाजूला बोटाएवढी निळी ज्योत जळत राही आणि तिच्या धगीवर आतली लस गार राही. आगीने गारवा कसा येतो, हे नव्या माणसाला चटकन पटत नसे. गाडी जराशी तिरपी उभी राहिली तरी तो फ्रिज रुसायचा. त्याच्या दारावर मी स्वतः एक पुठ्ठा लावला होता: ‘ज्योत पेटती ठेवून गाडी सोडू नये.’ अक्षर माझे, वळणदार.

त्या दिवशी आम्ही एका तांड्यावर होतो. चालक कळंबकडचा, माझ्याच वयाचा, कंत्राटावर नुकताच लागलेला. गाडीवरचा त्याचा तिसरा दिवस. सकाळी निम्मी गुरे टोचून झाली. दुपारी तांड्याच्या नाईकांनी जेवायला बोलावले, तेव्हा मी पुढे गेलो आणि चालकाला गाडीजवळ ठेवले. पण पानावर बसल्यावर तो उपाशी उन्हात थांबला आहे, हे मनाला लागले. मी फोन केला. ऊन चढले होते, फ्रिजला धग कमी पडेल असे वाटले, म्हणून म्हणालो, “ज्योत वाढवा आणि गाडीला कुलूप लावून जेवायला या.”

“वाढवू?” त्याने विचारले.

“हो, वाढवा. लवकर या.”

पुठ्ठ्यावरचा माझाच नियम मी एका घासासाठी मोडला. पेटती आग बंद गाडीत सोडून यायला मी माणसाला सांगत होतो, आणि त्यात मला काही वावगे वाटत नव्हते.

जेवण, सुपारी, गप्पा. आम्ही परतलो तेव्हा राहिलेली गुरे घेऊन लोक पुन्हा जमले होते. मी फ्रिज उघडला. तापमापकाचा काटा लाल पट्टीच्या पार गेला होता, बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. मागे ज्योत नव्हती. गॅसची कळ नीट, काळजीपूर्वक बंद केलेली होती.

“ही कुणी बंद केली?”

“मी, साहेब. तुमीच तर म्हनलं का—”

“उलट बोलू नकोस.”

‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, मला कळलेही नाही. मग साऱ्या तांड्यासमोर मी म्हणालो, “तुझ्या जागी बैल बसवला असता तर त्याने निदान कळीला हात लावला नसता.” लोक हसले. एकाने आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला विचारले, “काय रे, येतं का गाडी चालवता?” पुन्हा हशा झाला. चालक खाली बघत चाकाची पाचर काढू लागला.  त्या खाली गेलेल्या मानेला मी कबुली मानले.

अहवालात मी लिहिले: ‘चालकाने परस्पर ज्योत बंद केल्याने लस निकामी झाली.’ आठ दिवसांनी नवी लस आली, गुरांना काही झाले नाही. त्याची नोकरी मात्र गेली.

महिन्याभराने, सकाळी, स्वयंपाकघरात भांडे आपटल्याचा आवाज आला. पत्नी हात पाहत बाहेर आली आणि म्हणाली, “बांगडी वाढवली बाई.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. बांगडी फुटली असे आमच्या घरात म्हणत नाहीत. देवापुढचा दिवाही विझवत नाहीत, वाढवतात. मीच आयुष्यभर तसे बोलत आलो आहे. त्या माणसाने पुन्हा विचारून, मी सांगितले तेच केले होते. आणि माझ्या मनातला अर्थ त्याला कळला असता, तर बंद गाडीत आग जळत राहिली असती. पुठ्ठ्यावरचा नियम पाळला तो त्याने.

मी दुसरा अहवाल लिहिला. वरिष्ठ म्हणाले, “प्रकरण मिटलं आहे. कशाला उकरून काढता?” मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तो घेतल्याची सही मागितली. त्यांनी ती वैतागून दिली. नोकरी काही परत मिळाली नाही.

तो वणीला कोळशाच्या ट्रकवर आहे असे कळले, म्हणून मी गेलो. चहाच्या टपरीवर पाच-सहा चालकांत तो बसला होता. मला पाहून उठला नाही.

“बसा, साहेब. आता कोयसा वाहून राह्यलो. याले गार ठेवा लागत नाई.”

मी दुसऱ्या अहवालाची प्रत पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

“त्या दिवशी तुमी कागदावर बोलले होते का? साऱ्या तांड्यासमोर बोलले. बैल म्हनलं मले. आता इथं सांगा, या लोकायसमोर.”

मी सांगू लागलो. चूक माझी होती, ज्योत त्यांनी माझ्याच शब्दावर बंद केली, मी त्यांना पुरते बोलू दिले नाही. शेजारून ट्रक जात होते. टोकाच्या बाकावरचा चालक म्हणाला, “काही आयकू येत नाई बॉ.”

“आवाज वाढवा, साहेब,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “म्हंजे मोठा करा. बंद नोका करू.”

बाक हसला. तो हसला नाही. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितले, तांड्यावर निघाला होता तेवढ्या आवाजात, बैलाच्या वाक्यासकट.

त्याने चहा संपवला, पेला उलटा ठेवला आणि ट्रककडे गेला. प्रत बाकावर राहिली होती. मी ती उचलली नाही.