मृगाच्या आधीचा पाऊस

लग्नानंतर आम्ही जयपूरला आलो आणि चार-पाच वर्षांत यजमानांची बदली आसामच्या जंगलात झाली. रस्ते आखायचं सरकारी काम. तिकडे बायकामाणसांची सोय नव्हती, म्हणून मी आणि सासूबाई जयपूरच्या क्वार्टरमध्येच राहिलो.

चैत्रात त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ रजेवर आले. म्हणाले, "वहिनी, त्यांचा ताप हटत नाही. जाऊन घेऊन या. पण लवकर निघा, पावसात तिथे रस्ता राहत नाही."

आम्ही रत्नागिरीकडचे. पाऊस म्हणजे मृगाचा. ते गृहस्थ गेल्यावर सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "मृगाला अजून दीड महिना आहे. पापड, फेण्या उरकू, मग जा. त्यालाही चार नेता येतील." वर्षाचं वाळवण अर्धं टाकून घराबाहेर पडायची पद्धत आमच्यात नव्हती.

वैशाखात, गावाहून बोलावून घेतलेल्या धाकट्या दिराला घेऊन निघाले. गाड्या बदलत, बोटीतून नदी ओलांडत शेवटच्या स्टेशनावर उतरलो, तर धो धो पाऊस. ट्रकवाला म्हणाला, "बहनजी, आगे सड़क ही नहीं है. पहाड़ नीचे आ गया."

दीर म्हणाला, "बारिश तो जून में आती है ना?"

"आपके यहाँ आती होगी. यहाँ तो चैत से लगी है."

दीर माझ्याकडे वळला. "वहिनी, याला मृग समजावून सांगा आता."

पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिलो. अंगावरचे कपडे वाळत नव्हते. पापडांना बुरशी आली, ते दिराने फेकून दिले. माणूस वर डोंगरातल्या कॅम्पात तापाने पडलाय आणि पायी जायलाही वाट नाही. जो भेटेल तो जळवांच्या गोष्टी सांगे.

शेवटी कॅम्पातल्या हमालांनीच जंगलातून वाट काढत त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून पाठीवरून खाली आणलं. मी आधी ओळखलंच नाही.

"आत्ता येतात का इकडे? एवढा पाऊस लागल्यावर?"

"आईंना विचारा," मी म्हटलं.

जयपूरला भर दुपारी उतरलो. अंग भाजून काढणारी लू सुटली होती, स्टेशनवरचे हमालसुद्धा सावली सोडत नव्हते. हे प्लॅटफॉर्मच्या उघड्या टोकाला गेले आणि स्वेटर घालून उन्हात बसले.

"अहो, टांगा थांबलाय."

"थांबू दे. अजून ओलंच वाटतंय."

मी ट्रंकेवर बसले. मलाही उठवत नव्हतं.