शेडमधला घरचा कापूस

अकोल्यात जठारपेठेच्या मागे आम्ही चौघांनी मिळून टिनाचं शेड भाड्यानं घेतलं होतं. एक सुतार, एक लोहार, एक पंप दुरुस्त करणारा आणि मी. आठवण आली की अजून तोंड कडू होतं. लोखंड कातायचा लेथ माझा होता. दुसऱ्याच्या कारखान्यात जवानी घासून घेतलेला, जुना. तो गेला तर मी पुन्हा नोकर, म्हणून विम्याचा हट्टही माझाच.

अमरावतीहून एजंट आला. हप्ता ऐकून मी त्याला तीनदा दारापर्यंत पोचवला. शेवटी तो म्हणाला, "कापूस ठेवायचा असेल तर दर हाच. ठेवणार नाही असं लिहून द्या, कमी करतो." मी चौघांच्या सह्या तिथेच घेतल्या. लाकूड-लोखंडाच्या कामात कापूस कशाला येतो? सौदा मारला म्हणून आठवडाभर मिशीला पीळ देत फिरलो.

पण आमच्या वऱ्हाडात भाव पडला की कापूस माजघरात, खाटेखाली, देवापुढेसुद्धा शिरतो, आणि त्याला कोणी माल म्हणत नाही. सुताराच्या मेव्हण्याची गाडी अंजनगावहून आली आणि फळ्यांमागे ढीग लागला. मी भडकलो.

"काहून बोंबलून राहिला भाऊ?" सुतार म्हणाला. "भाव आला का उचलतो. घरचाच कापूस आहे, व्यापाऱ्याचा थोडाच?"

"आपण सह्या काय झोपेत केल्या? आजच काढ!"

"काढतो नं."

काढला नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी भट्टीची ठिणगी त्यात पडली. माणसं वाचली. लेथही वाचला असता. पण शहाण्यांनी त्याच्या तापलेल्या बिडावर, ओतीव लोखंडावर, गार पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि तो मधोमध तडकला.

विमा कंपनीचा साहेब आला. त्यानं काठीनं राख उकरली, काळा पुंजका वर काढला. "हा कापूस कोणाचा?"

सुतारानं हात जोडले. "शेडचा नाही साहेब. माह्या मेव्हण्याचा आहे."

साहेबानं वही मिटली. लोहार माझ्याकडे वळला, "पुरा दर भरला असता तर कापसासकट भरून निघालं असतं. घासाघीस कोनं केली?"

ज्याच्या भट्टीनं आग लागली तो मला हे ऐकवत होता! किळस आली सगळ्यांची. जास्त किळस याची, की त्याचं बोलणं खोडता येईना.

पुढच्या सोमवारी मी जुन्या मालकापुढे उभा राहिलो. त्यानं पगार सांगितला, पूर्वीपेक्षा कमी. मी हो म्हणालो.