‘राहिला’ कुठी गेला?

“फेकू नोका जी, मले द्या.”

शाळेच्या आवारात कोणाच्या हातातलं खोकं, झाकण, जुनं कॅलेंडर कचऱ्याच्या दिशेनं निघालं की हे वाक्य मागून यायचंच. वळून पाहावं, तर इंग्रजीच्या मॅडम हात पुढे करून उभ्या. मुख्याध्यापकांच्या घरच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका त्यांनी अशाच मिळवल्या. माझ्या नव्या बुटांचं खोकं तर बूट पायात जाण्याआधीच गेलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि मागाहून तोंडात बोट घालतो. मीही आधी हसलो.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी मराठी शिकवतो. मी इथलाच, घरी ‘मले-तुले’ बोलणारा. पण शाळेच्या फाटकातून आत आलो की माझ्यात व्याकरण शिरतं. पोरानं ‘मी जाऊन राहिलो’ लिहिलं की माझं लाल पेन चालायचं. ‘जात आहे’ लिही, शुद्ध लिही.

मॅडम आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सायकलची जुनी रिंग वर्गात खांबाला ठोकली. रिंगभर कपड्यांचे चिमटे, चिमट्यांत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर काढलेली चित्रं. धान रोवणाऱ्या बाया, भात खाणारा पोरगा, तलावात मासे धरणारा माणूस, बकरीमागे धावणारी म्हातारी. चित्रं काही फार सुबक नव्हती. बकरीला पोरं कुत्रा म्हणायची, तेव्हा मॅडमनी तिला दाढी काढली. चाक फिरवायचं, थांबल्यावर वर येईल त्या चित्रातलं माणूस काय करतंय ते इंग्रजीत सांगायचं.

पोरं सांगायची, “ही ईटिंग.” मधलं ‘इज’ दर वेळी गायब. एके दिवशी मी व्हरांड्यातून चाललो होतो आणि मॅडमचा आवाज कानावर आला.

“तो खाऊन... मंग? ‘राहिला’ कुठी गेला?”

वर्ग खदखदला. मी दारातच थबकलो. साबणाच्या खोक्याचे लाल पुठ्ठे कापून त्यांनी एका बाजूला ‘राहिलो, राहिला, राहिले’ आणि मागे ‘ॲम, इज, आर’ लिहिलं होतं. खाऊन म्हणजे ईटिंग, राहिला म्हणजे इज. जे शब्द मी इतकी वर्षं खोडत आलो, त्यांच्यावर त्या इंग्रजीचा पूल बांधत होत्या! सुट्टीत मी त्यांच्याशी भांडलो. भाषा बिघडते म्हणालो.

“सर, पोट्ट्यायकडे आहे ते वापरून राहिली मी,” त्या म्हणाल्या. “फेकू कायले?”

मी लाल पेन खिशाला लावून वर्गावर गेलो. राग गेला नाही.

त्याच वर्षी सातवीतल्या एका मुलीचे वडील दाखल्याचा अर्ज घेऊन आले. “पोरीले तुमसरच्या कॉन्व्हेंटात टाकतो. इथं इंग्रजीच्या नावानं बोंब हाय.” ते धानाचे व्यापारी, गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच घरं निघणार आणि आमचे वरचे वर्ग बंद पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी दाराशी मान खाली घालून उभी होती. तिला जायचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “दाखला न्या, भाऊ. पण पाच मिनिटं वर्गात बसा.”

ते शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मुलीनं चाक फिरवलं. मासे धरणारा माणूस आला.

“ही... कॅचिंग फिश.”

दारात उभा राहून मी बापाकडे पाहिलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “‘राहिला’ कुठी गेला?”

पोरीनं झडप घालून लाल पुठ्ठा उचलला. “ही इज कॅचिंग फिश!” आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ती बापाकडे वळली. “बाबा, यू आर सिटिंग. आय ॲम स्टँडिंग.”

बापानं आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. “म्हणजे मी बसून राहिलो, तेच होय का हे?”

“तेच होय,” मॅडम म्हणाल्या.

“आय... ॲम... सिटिंग.” ते हळूहळू म्हणाले आणि स्वतःच हसले. “मंग मले बी येते ना इंग्रजी!” वर्गानं टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मग बापानं खिशातून अर्ज काढला, चुरगाळला आणि टाकायला खिडकीकडे हात नेला.

“फेकू नोका जी, मले द्या.”

दुसऱ्या दिवशी त्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर काढलेला, बाकावर बसलेला एक मिशीवाला माणूस चाकावर लटकत होता.

वर्ष संपता संपता मॅडमची नाकाडोंगरीकडे बदली झाली. त्यांना निरोप दिला त्या दिवशी मी सातवीला ‘आमच्या मॅडम’ या विषयावर निबंध लिहायला दिला. त्याच मुलीच्या वहीत शेवटचं वाक्य होतं, ‘आज मॅडम जाऊन राहिल्या.’

सवयीनं लाल पेन उचललं. मग वाक्य पुन्हा वाचलं आणि मान वर केली. खांबावर चाक होतं, चाकावर मिशीवाला होता, बाकांवर अख्खी सातवी होती. जाऊन, राहिल्या.

“सर, चुकलं का?” पोरीनं विचारलं.

“नाही वं,” मी म्हणालो, “बरोबर हाय.”