अर्ध्या वाटेत राहिलेलं

माझा दादा काचा बसवायचा. मोठी काच उचलली की आधी पोटाशी टेकवायची, ही त्याची सवय. एकदा दुकानाची दर्शनी काच चढवताना बेंबीखाली काहीतरी टणक टोचलं. खिशात हातोडी राहिली असेल म्हणून त्याने चाचपलं. खिसा रिकामा होता.

तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंसमोर दादा, आई आणि मी बसलो. मला सातवा महिना.

"तू बाहेर थांब," दादा म्हणाला. मी हलले नाही.

"तुमचं एक वृषण खाली उतरलंच नाही, पोटातच राहिलं," बाई म्हणाल्या. "अशात कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्हाला तो झालाय. पण हा बरा होणाऱ्यांपैकी आहे."

आई रुमालाची घडी घालत, मोडत होती. "लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, छोटं ऑपरेशन करा. मला वाटलं, मोठा झाला की उतरेल."

"जाऊ दे गं," दादा म्हणाला. मग त्याने बाईंना विचारलं, "उतरतं म्हणजे कुठून?"

"मूत्रपिंडाजवळ तयार होतं. बाळ पोटात असतानाच खाली सरकत येतं. शेवटचा टप्पा साधारण सातव्या महिन्यापासून."

दादाने माझ्या पोटाकडे पाहिलं. "म्हणजे आत्ता हिच्या..."

"मुलगा असेल तर, हो."

माझ्या अंगावर काटा आला. मी भाजी चिरत होते, बसमध्ये जागेसाठी भांडत होते, आणि आत हे सगळं मला न विचारता चाललं होतं.

केमोच्या औषधात प्लॅटिनम असतं हे कळल्यावर दादाने नर्सला विचारलं, "दागिन्यातलं?"

"तोच धातू."

"मग आता स्थळं येतील मला." एवढं बोलला आणि ओकला.

केस गेले, अन्नावरची वासना उडाली, कान गुणगुणायला लागले. मधल्या बऱ्या दिवसांत मला मुलगा झाला. दादा तोंडाला मास्क लावून दारातच उभा राहिला आणि त्याने आधी नर्सला विचारलं, "दोन्ही उतरलीत का, बघितलं?"

"उतरलीत," ती न हसता म्हणाली. मग दादा खुर्चीत बसला.

केमो आणि ऑपरेशन दोन्ही झाल्यावर बाईंनी स्कॅनची दोन चित्रं शेजारी लावली, केमोआधीचं आणि नंतरचं. पहिल्यात संत्र्याएवढी गाठ, दुसऱ्यात बोराएवढी. ती उरलेली ऑपरेशनात काढून तपासली होती. तिच्यात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही.

दादा त्या चित्रांसमोरून उठेना. "बाकीची गेली कुठे?"

"औषधाने मेली, शरीराने साफ केली."

"एवढी सगळी?" त्याने शर्टावरून पोटावर हात ठेवला. "आणि मी तर नुसता पडून होतो."