ढग हाकलणारा पंखा

तेरखेड्याजवळच्या माळावर मी पवनचक्कीच्या राखणीला होतो. शेजारच्या शेतातले एक म्हातारबाबा रोज सकाळी बांधावर येत, धोतराचा सोगा खोचत आणि मान वर करून पात्यांना शिव्या घालत. त्यांचं नाव विचारायला मला कधी सवडच मिळाली नाही.

“ह्याच पंख्यानं आमचे ढग हाकलले!”

वाऱ्यानं पाती फिरतात, पात्यांनी वारा सुटत नाही, हे मी लई वेळा समजावलं. ते सगळं नीट ऐकून घेत आणि विचारत, “व्हय, पर ढग गेले का न्हाय?”

ऐन सोयाबीनच्या काढणीत एका दुपारी आभाळ काळंकुट्ट भरून आलं. वारा पडलेला, पाती थंड. बाबा डोक्यावर पोतं घेऊन धापा टाकत आले.

“लेका, चालू कर की पंखा! माझी सोयाबीनची गंज उघडी हाय!”

“बाबा, वाराच न्हाय.”

“रोज फुकट हाकलतुस, आन् आज गरज हाय तर सुट्टी!”

मी केबिनमधली ताडपत्री उचलली आणि दोघंही पळालो. गंज झाकून होते न होते तोच पाऊस कोसळला. भिजत उभे राहिलेले बाबा पवनचक्कीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता तरी पटलं.

“हितनं पुढं,” ते म्हणाले, “बंद ठिवायच्या आधी मला इचारत जा.”