ओदीलची दुसरी बाजू

मादाम ब्लांदीनचं ओदीलकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते अकरावीच्या फ्रेंचच्या तासाला. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं का, असा निबंधाचा विषय होता. आधी एक बाजू मांडायची, मग तितक्याच जोमानं तिच्या विरुद्धची. वरच्या वर्गांचं फ्रेंच इथूनच सुरू होतं आणि दरवर्षी पोरं इथेच अडखळत. मोठ्यांना उलट उत्तर द्यायची वानुआतूच्या बेटांवर रीत नाही. मग पोरं दुसऱ्या बाजूलाही पहिलीच बाजू पुन्हा लिहीत.

मागच्या बाकावरची पेन्टेकोस्ट बेटाची बुटकी मुलगी उभी राहिली. “मादाम, दुसऱ्या बाजूला खोटं लिहिलं तर चालेल?”

“खोटं नको. पटण्यासारखं हवं.”

“मग जमेल,” म्हणून ओदील खाली बसली.

आणि जमलंच. दोन वर्षांत ती इतकी तयार झाली की वसतिगृहात भात कच्चा राहिला तरी पोरींची आणि स्वैपाकिणीची, अशा दोन्ही बाजू फ्रेंचमध्ये मांडून मोकळी. “अगं वकीलबाई, गिळ आता!” मैत्रिणी ओरडत.

वानुआतूतल्या बऱ्याच घरांसारखं तिच्याही घरी बापानं मुलगा इंग्रजी शाळेत घातला होता आणि मुलगी फ्रेंच. कुठली तरी एक भाषा पोटाला लागेल म्हणून. भाऊ इंग्रजीच्या जोरावर न्यूझीलंडच्या फळबागांत कामाला गेला. ओदीलला शेवटची परीक्षा देऊन समुद्रापलीकडे नुमेआच्या फ्रेंच विद्यापीठात जायचं होतं. मादामना तिची खात्री होती.

परीक्षेला सव्वातीन महिने असताना ओदीलची आई वारली. ओदील घरी गेली ती परत आलीच नाही. शेवटी मादाम मालवाहू जहाजात बसून तिच्या गावी गेल्या.

अंगणात बायका चटया विणत होत्या. शंभराव्या दिवसाच्या जेवणात त्या गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायच्या असतात, आणि तो दिवस परीक्षेच्याच आठवड्यात येत होता. ओदील त्यांच्यातच होती. तिचा मामा फिलिबेर सामोरा आला.

“या मादाम. जहाजात पोटातलं सगळं समुद्राला दिलंत वाटतं? तोंड पार हिरवं पडलंय.”

बायका हसल्या. मादामही हसल्या. “दिलं. ओदीलला न्यायला आलेय. परीक्षा झाली की मी स्वतः आणून सोडते.”

“आणि चटया? त्या काय तुमचं फ्रेंच विणणार?”

“आठवडाभराचा तर प्रश्न आहे हो. बघा ना, किती मेहनत केलीय पोरीनं.”

मामानं ओदीलकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. भाचीचं भलं त्यालाही हवं होतं. डोकं खाजवत तो म्हणाला, “पोरी, तूच बोल. तू म्हणशील तसं.”

मादामना हायसं वाटलं.

ओदीलनं हातातली चटई खाली ठेवली. मादामनाही कळावं म्हणून ती बिस्लामात बोलू लागली, बाजारात सगळे बोलतात त्या भाषेत. “दादा परदेशात. आईचं लेकरू म्हणून इथं मी एकटीच. मी गेले तरी मावश्या चटया पुऱ्या करतील. पण त्या दिवशी त्या द्यायच्या कुणाच्या हातच्या? लोक म्हणतील, दोन मुलं वाढवली आणि शेवटी बाईला दुसऱ्यांच्या हातच्या चटया मिळाल्या. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येईल. हे पुन्हा यायचं नाही.”

इतकं नीट मामालाही मांडता आलं नसतं. बायकांनी माना डोलावल्या. मादाम वाट पाहत राहिल्या. वर्गात ओदील इथे थोडं थांबायची, श्वास घ्यायची आणि ‘तरीही’ म्हणून सुरू करायची.

ओदीलनं चटई पुन्हा उचलली.

“आणि दुसरी बाजू?” मादामनी हळूच फ्रेंचमध्ये विचारलं.

“येते ना, मादाम,” तीही फ्रेंचमध्येच म्हणाली. तिची नजर चटईच्या पात्यांवरून हलली नाही. “मांडली तर मामा लगेच पाठवील. म्हणून तर मांडत नाही.”

मादाम त्याच जहाजानं परतल्या. परीक्षेच्या दिवशी एका बाकावर ओदीलच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. पेपर संपल्यावर मादामनी ती नखानं खरवडून काढली. पुढच्या वर्षी मुलं पुरेशी नाहीत म्हणून त्या शाळेतला शेवटच्या वर्षाचा फ्रेंच वर्ग बंद झाला आणि परीक्षाही. दुसरीकडे परीक्षा देता येईल का, हे ओदीलनं कुणाला विचारलं नाही.

आता ती गावातच असते. दोन मुलं आहेत. जहाज येतं त्या दिवशी ती किनाऱ्यावर बसून उकडलेले तारोचे कंद विकते.