पहिलं काम: रस्ता रुंद करणे

मुलांनो,

तुम्ही दोघांनी मागे फोनवर विचारलं होतं, आजीची पुढची खोली अशी बोळकांडीसारखी चिंचोळी का? तेव्हा मी विषय बदलला. आज लिहायला बसले आहे, कारण मागच्या आठवड्यात आपल्या गल्लीत पुन्हा मोजणीवाले आले. त्यांचं यंत्र तिपाईवर उभं होतं आणि एक तरुण मुलगी पट्टी धरून आपल्या भिंतीला टेकून उभी होती. मुलगी चांगली होती. तिनं प्यायला पाणी मागितलं, मी दिलं. पण ते लोक गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी दारातून हलले नाही. तुमच्या बाबांना सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, आई, नुसती मोजणी आहे. म्हणून तुम्हाला सांगते, आणि क्रमानं सांगते.

ही खोली चिंचोळी झाली तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. त्याआधी भूकंप झाला होता. आपल्या गावात फडताळातली भांडी पडली, भिंतींना केसासारख्या चिरा गेल्या, इतकंच. पण शेजारच्या जिल्ह्यात गावंच्या गावं माळवदाखाली गेली. माळवद म्हणजे आपल्याकडचं जुनं छत: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर हातभर जाडीची माती. उन्हाळ्यात गार, म्हणून आम्ही त्याचं कौतुक करायचो. भूकंपानंतर त्याच्याकडे वर बघत झोपायची भीती वाटू लागली. त्या पहाटे सगळी गल्ली बाहेर पळाली, तेव्हा ओट्यांच्या मधल्या जागेत माणसं अशी चेंगरली की पुढचा हलेना आणि मागचा थांबेना. तुमच्या बाबांचा हात माझ्या हातातून सुटला होता. तो परत सापडेपर्यंत मला जे वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्यातूनच आमची गल्ली सुधार समिती निघाली. आपली गल्ली म्हणजे गावाच्या अगदी मधली पेठ, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांमागे घरं. बहुतेक आपल्यासारखीच लिंगायत व्यापारी घरं. गल्ली इतकी अरुंद होती की सभेसाठी कुणाला उठावं लागत नसे. जो तो आपापल्या ओट्यावर, आपल्याच भिंतीला पाठ लावून बसायचा आणि समोरच्या ओळीशी बोलायचा. बायका दाराच्या आत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून अर्ज लिहायला उंबऱ्यात बसायचा मान मला होता.

"भूकंप पुन्हा आला तर पळायचं कुठून?" समोरचे अण्णा म्हणाले. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. "हितं दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतंय."

"आधी तुमी तुमचे हंडे आत घ्या," आपल्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

"हंडे घेतो की. तुमी पोट आत घ्या, लई जागा व्हईल."

हसणं झालं. मग कामं ठरली. पहिलं रस्ता रुंद करणे, दुसरं झाकलेली गटारं, तिसरं दिवे. बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी मुतारी हे चौथं काम मी उंबऱ्यातून सुचवलं. थोडी चुळबुळ करून त्यालाही माना हलल्या. पहिल्या कामाला मात्र चर्चा लागलीच नाही. त्या वर्षांत गावात नव्या गाड्या येत होत्या, शीतपेयांचे ट्रक पेठेच्या तोंडाशी अडून बसायचे, एस.टी.डी. बूथवाल्याला रांगेसाठी जागा हवी होती. सगळ्यांना रस्ता रुंद हवा होता. हात वर झाले. आणि हात वर करताना प्रत्येकाची नजर समोर होती. आपल्या ओळीला दिसत होते अण्णांच्या ओळीचे पुढे आलेले ओटे, त्यांना दिसत होते आमचे. पाठीमागची भिंत कुणालाच दिसत नव्हती. रुंद कुणीकडून करायचा, हे कुणी विचारलं नाही.

अर्ज गेला आणि बरेच महिने काही झालं नाही. मधल्या काळात माझ्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बीडहून आलेल्या डॉक्टरांनी पायाला दोरी बांधून खाटेच्या पायथ्याकडून विटा लोंबत ठेवल्या आणि सांगितलं, हाड जुळेपर्यंत पाय हलता कामा नये. खाट पुढच्या खोलीत होती. अर्ध्या खोलीत तुमच्या आजोबांचं कापडाचं दुकान, अर्ध्या खोलीत त्या. मधल्या दारातून ती शिसवी खाट आत जात नव्हती आणि त्यांना खाटेवरून उचलता येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नगरपालिकेची माणसं तांबड्या रंगाचा डबा घेऊन आली. मला वाटलं, समोर जातील. ती समोर गेली. मग वळून आमच्याकडेही आली. आत येऊन त्यांनी दुकानाच्या गादीपलीकडे, सासूबाईंच्या खाटेजवळ फरशीवर रेघ मारली. रेघेच्या रस्त्याकडची जागा जाणार होती. त्या जागेत आमची पुढची भिंत होती आणि त्या भिंतीवर माळवदाच्या सगळ्या तुळया टेकल्या होत्या.

"काय केलं गं त्यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"रंग सांडला," मी म्हणाले.

आजोबा मला घेऊन नगरपालिकेत गेले. नकाशावरची अक्षरं इंग्रजी होती. ती मी आजोबांना वाचून दाखवली. मोजणी रस्त्याच्या मध्यापासून, दोन्ही बाजूंना सारखी. आजोबांनी आईचं सांगितलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, मग आमचाच अर्ज पुढे ठेवला.

"काका, पहिलं काम म्हणून तुमीच लिहिलंय. सह्या तुमच्या. एवढं सुरेख अक्षर तर आमी हापिसात लावून ठेवावं असं हाय."

"आमी रस्ता मागितला," आजोबा म्हणाले. "घर पाडा कुठं म्हणलो?"

"मग रस्ता आणायचा कुठून, काका?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

काम पेठेच्या तोंडापासून सुरू झालं. कोपऱ्यावरचं घर बंद होतं, ते लोक तेलगावला नातेवाइकांकडे गेले होते. ठेकेदाराच्या बुलडोझरनं पुढची भिंत ओढली. भिंत पडली आणि क्षणभर घर तसंच उभं राहिलं, जणू त्याला अजून कळलं नव्हतं. मग तुळया एकामागून एक सरकल्या आणि सगळं माळवद खाली बसलं. मी आमच्या दारात उभी होते. धूळ गल्लीभर चालत आली आणि माझ्या तोंडात माती गेली. शेजारच्या घराची सामाईक भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. कुणाला लागलं नाही. पण आपल्या ओळीत प्रत्येक दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि दोघांच्या तुळया तिच्यात रोवलेल्या होत्या.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बुलडोझर सुरू झाला की सासूबाईंच्या पायाला लोंबणाऱ्या विटा बारीक हलायच्या. मी कणीक मळता मळता बाहेर येऊन त्या विटांकडे बघायची. तुमच्या बाबांना मी मागच्या खोलीत झोपवायला लागले आणि त्यांनी कारण विचारलं की चिडायची. आजोबा सासूबाईंना म्हणाले, चारजणांनी खाटेसकट बाहेर काढतो, बहिणीकडे ठेवतो. त्या म्हणाल्या, "हाड जुळू दे, मग चालत जाते. गठुड्यासारखी न्हाई जायची." डॉक्टरही हलवायला तयार नव्हते.

पुन्हा सभा भरली. ओटे उकरलेले होते, बसायला जागा नव्हती. सगळे गल्लीच्या मध्यात उभे राहिले आणि पहिल्यांदाच जो तो आपल्याच घराकडे तोंड करून होता. मग म्हातारे गवंडी, ज्यांनी यातली बरीच घरं दुरुस्त केली होती, म्हणाले की तुळयांना आधी आतून खांब द्यावे लागतील, मग भिंत हातानं उतरवायची, मग तुळयांची टोकं रेघेपाशी कापायची. एकट्यादुकट्याचं काम नाही, एका घराची भिंत काढायची तर शेजारच्या दोन्ही घरांत टेकू लागतील. साहेबांकडून मुदत मागायची आणि आपणच पाडायचं, असं ठरलं. साहेबांनी मुदत दिली, पण थोडी. एवढ्या दिवसांत सगळी घरं होणार नव्हती. उरलेल्यांकडे बुलडोझर येणार होता.

आधी कुणाचं, हा प्रश्न होता. मी अर्जाचा कागद घेऊन उभी होते आणि मला काही लिहिता येत नव्हतं. आपलं नाव आधी लिहा, असं आजोबांना म्हणवेना.

अण्णा म्हणाले, "म्हातारीचं घर आधी."

अण्णांचं आणि सासूबाईंचं सांडपाण्यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं. अण्णा ओट्यावर आणि सासूबाई दाराच्या आत, समोरासमोर बसून दोघं भांडणाशिवाय एकमेकांशी बोलत नसत.

"कावून वो अण्णा?" कुणीतरी हसत विचारलं. "भांडायला कोन उरनार न्हाई म्हनून?"

"मग काय. तुमच्यासंगं भांडण्यात काय मजा हाय?"

मी लिहून घेतलं. पहिलं घर: आपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही ओळींतली माणसं आली. खाटेच्या चारही बाजूंना बाभळीचे जाड टेकू उभे राहिले, तुळयांखाली खांब ठोकून बसवले. सासूबाईंच्या वर आम्ही दुकानाचं दार काढून दोन कपाटांवर आडवं ठेवलं. बाहेर बस, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी खाटेजवळ बसले आणि विटांची दोरी एका हातात धरून ठेवली, त्या झुलू नयेत म्हणून. पहिली पहार भिंतीत घुसली तसा वरून मातीचा पदर सुटला. तो दारावर पडून आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले. तुळई कुरकुरली. गवंडी म्हणाले, थांबा. सगळे थांबले. ते वर बघत राहिले. मला वाटलं, आता कोपऱ्यावरच्या घरासारखं होणार, आधी क्षणभर उभं राहणार आणि मग. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली होती.

"चला," गवंडी म्हणाले.

दुपारपर्यंत भिंत गेली. सासूबाई अख्ख्या गल्लीसमोर उघड्यावर होत्या. आयुष्यात त्या कधी पदराशिवाय कुणाला दिसल्या नव्हत्या. "सूनबाई, डोक्यावर घे," त्या म्हणाल्या. मी पदर नीट केला. समोर टेकू धरून अण्णा उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाठ करूनच टेकू धरून राहिले.

"अण्णा," सासूबाई त्यांच्या पाठीला म्हणाल्या, "आता तरी तुमचं पानी आमच्याकडं येनार न्हाई ना?"

"ओटाच न्हाई राहिला काकू. आता सरळ तुमच्या खाटेखाली यील."

त्या हसल्या. मी मात्र रडायला लागले आणि बराच वेळ मला थांबता आलं नाही.

रेघेवर नवी वीटभिंत चढायला काही दिवस लागले. दुकानाची जागा रस्त्यात गेली आणि भिंत खाटेला इतकी चिकटून आली की चादर बदलायला मला पायथ्याकडून यावं लागायचं. मुदत संपली तेव्हा चार घरं राहिली होती. त्यांतलं एक बुलडोझरनं भिंत ओढताच खाली बसलं, तीन वाचली. सासूबाईंचं हाड जुळलं. पावसाळ्यानंतर त्या काठी टेकत नव्या दारापर्यंत आल्या, रुंद रस्ता बघितला आणि आत निघून गेल्या. गटारं पुढे केव्हातरी झाली, दिवेही. मुतारी झाली नाही. ओटे गेले आणि त्या उभ्यानं झालेल्या सभेनंतर पुन्हा सभा भरली नाही. मधून वाहनं धावायला लागली, समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे.

आता गल्लीत कसल्या खुणा होतील, मला माहीत नाही. त्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, आजी, आम्ही फक्त मोजतो. मी रोज दार उघडलं की आधी खाली फरशीवर बघते, रंग आहे का.

अजून नाही. घर उभं आहे. माळवद तेच आहे, तुळया त्याच आहेत आणि दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंती जागेवर आहेत.